आधी विचारा, मग सुधारा!

'सुधारणा' या शब्दाची मला अलीकडे धास्ती बसली आहे. शब्द वाईट नाही. महाराष्ट्रात तर तो फार थोर माणसांच्या हातून गेलेला शब्द आहे. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' नावाचं पत्रच काढलं. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, ती त्यांनी पाहिली, आणि तरीही लेखणी खाली ठेवली नाही. पण आगरकर रात्री साडेअकरा वाजता कुणाच्या घरात शिरले, माणसं झोपलेली पाहून दिवाणखान्यातला झोपाळा मोरीत आणि मोरीतलं घंगाळ देवघरात नेऊन ठेवलं, आणि सकाळी घरधनी डोळे चोळत उठल्यावर "अभिनंदन! आपलं घर आता अधिक चांगलं झालं आहे" अशी पाटी त्याच्या नाकासमोर धरली, असा प्रसंग त्यांच्या कुठल्याही चरित्रात नाही. त्या काळच्या सुधारकाला फार व्याप असे. आधी लिहायचं, मग वाद घालायचा, मग शिव्या खायच्या, आणि एवढं करून समोरचा पटलाच तर त्याला सुधारायचं.

हल्लीच्या सुधारकाने हा सगळा व्याप वाचवला आहे. तो अमेरिकेत बसतो आणि आपण भिवंडीत घोरत असताना आपला घरचा संगणक सुधारून जातो. या सुधारणेला 'अपडेट' म्हणतात आणि माझं तिच्याशी उघड भांडण आहे. ती न विचारता येते आणि आली की जाता जात नाही, या दोनच मुद्द्यांवर हे भांडण आहे. तिसरा मुद्दा काढायचा झाला तर सौ.ची परवानगी घ्यावी लागेल, कारण तिच्याकडे निदान सात आहेत.

अपडेट हा शब्द आम्हा बँकेतल्या कारकुनांना नवा नाही. काउंटरवर दिवसातून पन्नासदा तरी "साहेब, जरा पासबुक अपडेट करून द्या" हे वाक्य ऐकू येतं. या व्यवहारात एक प्रकारचा सात्त्विकपणा आहे. खातेदार स्वतः येतो, रांगेत उभा राहतो, छपाईचं यंत्र बंद असल्याचं ऐकून निमूटपणे घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. मग स्वतःच्या हाताने पासबुक पुढे करतो. आम्ही छापतो. तो ते तिथेच उभं राहून तपासतो आणि सव्वीस रुपये का कापले ते विचारतो. यालाच लोकशाही म्हणतात. आता समजा, आम्ही रात्री खातेदाराच्या घरी गेलो, त्याच्या कपाटातून पासबुक काढलं, त्यात नोंदी केल्या, जाता जाता कव्हरचा रंग बदलला, मधल्या चार पानांवर विमा योजनेची जाहिरात चिकटवली आणि ते पासबुक कपाटाऐवजी फ्रिजवर ठेवून आलो, तर काय होईल? सकाळी अकराच्या आत धामणकर नाक्यावरून मोर्चा निघेल. मी त्या मोर्चात सर्वांत पुढे असेन, कारण माझंही बचत खातं त्याच शाखेत आहे.

आता घरच्या संगणकाविषयी. त्यात कुठल्या कंपनीचा कार्यक्रम चालतो ते मी सांगणार नाही. खातेदाराचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, ही इतक्या वर्षांची सवय आहे. पुढे ज्या कंपन्यांची नावं येतील त्या जगजाहीर हकिकती आहेत, त्यांचा आमच्या घरातल्या गाऱ्हाण्याशी संबंध जोडू नये. तर हा संगणक हॉलच्या कोपऱ्यात, सौ.ने विणलेल्या आच्छादनाखाली असतो. त्यावर सौ. भिशीचा हिशेब ठेवते, चिरंजीव अभ्यास करतात असं म्हणतात, आई कीर्तनं ऐकते, आणि रात्री सगळे झोपल्यावर उरलेल्या वेळात मी हे असलं काहीतरी लिहितो. म्हणजे एका संगणकावर चार माणसांचा संसार. आणि चारही माणसांना कुठली वस्तू कुठे आहे, हे अंधारात हात घालून सापडेल इतकं पाठ झालेलं.

गेल्या वर्षी चिरंजीवांच्या प्रवेशाचा अर्ज भरायची शेवटची रात्र होती. मुदत बाराची. भिवंडीच्या रिवाजाप्रमाणे आम्ही अकराला बसलो. अकरा वाजून दहा मिनिटांनी पडदा निळा झाला आणि त्यावर 'काम चालू आहे, संगणक बंद करू नका' ही अक्षरं उमटली. खाली टक्के. तीस टक्क्यांपर्यंत ते भराभर गेले आणि तिथे कल्याण नाक्यावरच्या वाहतुकीसारखे थांबले.

"अहो, काहीतरी करा," सौ. म्हणाली.

"बंद करू नका म्हणून लिहिलंय."

"कुणी लिहिलंय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सगळा प्रश्न तोच आहे. यंत्र आपलं, वीज आपली, जागा आपली, मुलगा आपला. मग बंद करू नका म्हणणारा हा कोण? अर्ज शेवटी शेजारच्यांच्या मोबाइलवरून बारा वाजायला सहा मिनिटं असताना गेला. सकाळी संगणक हसतमुखाने उघडला. खालच्या पट्टीवर आज ऊन किती पडणार ते लिहिलेलं होतं. आमच्या भिवंडीत ते खिडकीतूनही कळतं. बाजूला बातम्या लटकत होत्या आणि एका कोपऱ्यातून कुणी मदतनीस "मी आपली काय सेवा करू?" म्हणून विचारत होता.

"हा कोण नवीन?" आईने विचारलं.

"मदतनीस आहे, आई. काही विचारलं तर सांगतो."

"मग त्याला विचार, माझी कीर्तनं कुठे नेऊन ठेवलीस मेल्या?"

मी विचारलं. त्याने कीर्तन या विषयावर चार परिच्छेद माहिती दिली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं? वस्तू इकडची तिकडे झाली, शोधली की सापडते. वाचकहो, मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. पदवीचा उपयोग आजवर लग्नपत्रिकेत छापण्यापलीकडे झाला नव्हता, तो आता होतो आहे. आम्हाला १८७२ चा भारतीय करार कायदा होता. त्याचं तेरावं कलम असं की, दोन माणसांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला तर त्याला संमती म्हणायचं. आणि तिथेच एक घोडा होता. १८६२ सालचा, इंग्लंडातला, फेल्टहाउस विरुद्ध बिंडले या खटल्यातला घोडा. बी. कॉम. झालेला माणूस ताळेबंद विसरेल, पण हा घोडा विसरणार नाही.

हकिकत अशी की, एका काकाला पुतण्याचा घोडा विकत घ्यायचा होता. त्याने पत्र पाठवलं, तुझ्याकडून काही कळलं नाही तर ३० पौंड १५ शिलिंगांना घोडा माझा झाला असं मी धरीन. पुतण्याने उत्तर दिलं नाही. पुढे लिलाववाल्याच्या हातून तो घोडा भलत्यालाच विकला गेला आणि काकाने लिलाववाल्यावर दावा लावला. न्यायालयाने काकाला घरी पाठवलं. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. आणि 'उत्तर दिलं नाहीस तर होकार समजेन' असं ओझं कुणी कुणावर परस्पर टाकू शकत नाही, असा निकाल झाला. आपल्याकडे 'मौनं संमतिलक्षणम्' म्हणतात, पण ते मुलगी बघायला आलेल्या मंडळींच्या सोयीचं. करारात ते चालत नाही.

आता या घोड्यावर बसून २०१६ सालात या. मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ ला विंडोज १० बाजारात आणलं आणि जुनं विंडोज वापरणाऱ्यांना एक वर्ष ते फुकट देऊ केलं. फुकट आणि पौष्टिक म्हटल्यावर आपला मराठी माणूस तरी कशाला नाही म्हणेल! पण जगात काही माणसं अशीही निघाली की ज्यांना आपलं जुनंच बरं होतं. त्यांच्या पडद्यावर चौकट येऊ लागली. पुन्हा येऊ लागली. रोज येऊ लागली. चौकटीच्या कोपऱ्यात फुली. फुलीवर टिचकी मारली की चौकट मिटते, म्हणजेच 'नको', हे संगणकाच्या शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात. मे २०१६ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की, फुली मारून चौकट मिटवली तरी सुधारणेचा मुहूर्त कायम राहतो आणि ठरल्या वेळी ती होते. म्हणजे काकाच्या पुढची पायरी! काका निदान गप्प बसण्याला होकार समजत होता. इथे 'नको' म्हटलं तरी घोडा गेला.

बोंबाबोंब झाली. कॅलिफोर्नियातल्या एका प्रवास व्यवसाय चालवणाऱ्या बाईने तर दावा लावला. तिचं म्हणणं, मी न मागता हे माझ्या संगणकात आलं आणि माझं काम ठप्प झालं. तिला दहा हजार डॉलर मिळाले. कंपनीने अपील मागे घेतलं. आणि त्या जूनअखेर चौकटीत 'हे फुकटचं नको' असं स्पष्ट म्हणण्याची जागा आली आणि फुलीला तिचा जुना अर्थ परत मिळाला. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, नकाराचं बटण बनवणं तंत्रज्ञानाला अशक्य नाही. दोन, ते बटण ओरडल्याशिवाय मिळत नाही. मी ओरडतो आहे तो याच भरवशावर.

ऑक्टोबर २०१८ मध्ये याच विंडोज १० ची एक मोठी सुधारणा आली, आणि काही जणांच्या 'डॉक्युमेंट्स'मधले कागदच नाहीसे झाले. कंपनीने चार दिवसांत सुधारणा थांबवली, चूक शोधली आणि सांगितलं की कागद गेल्याच्या तक्रारी एकूणात एक शतांश टक्काच आहेत. एक शतांश टक्का म्हणजे दहा हजारांत एक. फार थोडं वाटतं ना? आमच्या हेडकॅशियरना विचारा. दहा हजारांच्या गड्डीत एक रुपया कमी भरला तर तो त्यांच्या खिशातून जातो, आणि संध्याकाळी तो सापडेपर्यंत शाखेचा दरवाजा उघडत नाही. त्या दहा हजारांतल्या एकाच्या घरी दहा वर्षांचे फोटो असतील, कुणाचा प्रबंध असेल, गेलेल्या वडिलांनी टंकून ठेवलेलं कुलवृत्तांत असेल. त्याच्यापुरता तो शंभर टक्केच असतो. दुरुस्तीला आलेल्या सुताराने कपाटातले दागिने भंगारात टाकले आणि वर "दहा हजार घरांत एकदाच होतं हो" म्हणाला, तर आपण त्याला चहा देणार नाही.

आता समोरच्या बाजूचं ऐकून घेतो. 'सुधारणा नाकारणारे तुम्ही लोकच रोग पसरवता' असं ती बाजू म्हणते, आणि त्यात तथ्य आहे. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस सुटला. त्याने सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांवर संगणक कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. इंग्लंडात इस्पितळांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आणि ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी, निघालेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. मान्य. शंभर वेळा मान्य. कडी तुटली तर ती बसवून घेतलीच पाहिजे, आणि त्याच रात्री बसवून घेतली पाहिजे. घरच्या संगणकावर बँकेचे व्यवहार करणाऱ्याने तर दुरुस्तीच्या बाबतीत आळस करूच नये, हे मी काउंटरच्या आतून सांगतो आहे.

पण कडी बसवणं निराळं आणि घराला रंग काढणं निराळं. भांडण इथे आहे. कडी आणि रंग, लस आणि जाहिरात, दुरुस्ती आणि मदतनीस एकाच पाकिटात घालून पाठवतात. पाकीट घेतलं तर रंग येतो, नाकारलं तर कडी जाते. आणि मग माणूस रंगाला वैतागून पाकीटच बंद करतो आणि चोराला दार उघडं मिळतं. तेव्हा दुरुस्ती न घेणाऱ्यांवर कंपन्यांनी डोळे वटारण्याआधी, त्यांच्या मनात ही नावड पेरली कुणी ते पाहावं. शिवाय कडी बसवणाराही कधी कधी दारच मोडतो. १९ जुलै २०२४ ला 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष सुधारणेने जगातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. ते घरगुती नव्हते, मोठमोठ्या संस्थांचे होते. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. आमच्या शाखेतले एक निवृत्तीला आलेले सहकारी ती बातमी वाचून इतके हळवे झाले, की त्यांनी दुपारी ड्रॉवरमधून शाईचं पेन काढून उगाचच दोन व्हाउचर लिहिली.

आता आलेली सुधारणा काढायची कशी ते पाहू. विंडोजमध्ये तशी सोय आहे. सेटिंग्जमध्ये जायचं, तिथून विंडोज अपडेटमध्ये, तिथून अपडेटच्या इतिहासात, आणि इतिहासाच्या तळाशी 'अनइन्स्टॉल'ची वाट सापडते. कारकुनी पेशातल्या माणसाला हा प्रवास माहेरी गेल्यासारखा वाटतो. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून मागच्या केबिनमध्ये, आणि शेवटी "हे आमच्याकडे नाही" म्हणणारा साहेब. प्रत्येक सुधारणेला 'केबी'पुढे सात आकडे असा नंबर. नावावरून ती कडी आहे की रंग, हे ओळखता आलं तर तुम्ही पत्रिका बघण्याचा धंदा सुरू करायला हरकत नाही. काही सुधारणांपुढे काढण्याची सोय असते, काहींपुढे नसते. या पाहुण्यांना परतीचं तिकीटच दिलेलं नाही. काढलेली सुधारणाही पुढच्या फेरीत पुन्हा येते, कारण ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारची ठरलेली गाडी आहे. २००३ पासून हा वार पाळला जातो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. गणपतीची अंगारकी वर्षातून एक-दोनदा येते, यांची दरमहा. आणि गणपती निदान आपण चतुर्थी करतो की नाही, ते आपल्यावर सोडतो.

मोठी सुधारणा झाली असेल तर मागे फिरायला मुदत असते. विंडोज १० आलं तेव्हा ती एक महिना होती, २०१६ मध्ये ती दहा दिवसांवर आणली. दहा दिवसांनंतर जुन्या घराचे वासेसुद्धा नेऊन टाकतात. आता दहा दिवसांत घरगुती माणसाला कळतं तरी काय? चाळीतून ब्लॉकमध्ये गेलेल्या माणसाला नळाचं पाणी गळतंय हे कळायला पहिला पावसाळा जावा लागतो. आणि हा सगळा जाच 'होम' आवृत्तीला जास्त. कचेऱ्यांसाठीच्या आवृत्तीत सुधारणा लांबवण्याच्या सोयी पहिल्यापासून होत्या. घरच्यांना थोडी थांबायची सोय मिळाली ती मे २०१९ मध्ये, तीसुद्धा पस्तीस दिवसांची. म्हणजे कचेरीला विचारायचं आणि घराला गृहीत धरायचं. ही पद्धत मात्र कंपनीने आपल्याकडच्या नवरे मंडळींकडूनच उचलली असावी, असं सौ.चं मत आहे. मी ते फक्त नोंदवतो.

आणि ज्या विंडोज १० साठी २०१६ मध्ये फुलीचा अर्थ फिरवला गेला, त्याच विंडोज १० च्या फुकट दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. ज्यांना हव्या त्यांच्यासाठी आणखी एका वर्षाची मुदतवाढ ठरवली, पण तिला नावनोंदणी आणि अटी. विंडोज ११ घ्या म्हणावं, तर त्याला अमुक एका पिढीचा प्रोसेसर लागतो आणि सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते. ज्याच्याजवळ त्या नाहीत त्याचा संगणक चालत असला तरी म्हातारा ठरला. काल ज्याला झोपेतून उठवून पंगतीला बसवलं, त्याला आज सांगायचं की तुझं पान मांडलेलं नाही.

चालतं यंत्र म्हातारं ठरवायचं, ही कल्पना भिवंडीत राहणाऱ्याला पचणं अवघड आहे. हे गावच यंत्रमागांचं. इथे साध्या मागांची खटखट रात्रंदिवस चालते, इतकी की ती थांबली तर आमची झोपमोड होते. माग जुने आहेत, सुधारायला हवेत, हे सगळ्यांना मान्य आहे, सरकारलाही. म्हणून १ एप्रिल २०१७ ला वस्त्रोद्योग मंत्रालयाने 'पॉवरटेक्स इंडिया' योजना सुरू केली, आणि तिचा नारळ भिवंडीतच फुटला. तिच्यात साधा माग आहे तिथेच सुधारून घेण्याची सोय होती. ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारं यंत्र, बाण्याचा धागा संपत आला की ओळखणारं यंत्र, असे सुटे भाग बसवायचे आणि खर्चातला वाटा सरकारने उचलायचा. पण कसं? मालकाने अर्ज केला तर! अर्ज नाही तर सुधारणा नाही. सरकारसुद्धा, म्हणजे ज्याच्याकडे पोलीस असतात ते सरकारसुद्धा, मागाला न विचारता हात लावत नाही. उलट हात लावू द्यावा म्हणून पैसे देतं.

आमच्या शाखेत येणाऱ्या एका मागवाल्या शेठना मी हे संगणकाचं प्रकरण समजावून सांगितलं.

"साहेब," ते म्हणाले, "माझ्या लूमचा एक बोल्ट बदलायचा तरी फिटर आधी मला विचारतो. आणि नवा बोल्ट नाही जमला, तर जुना खिशातून काढून परत लावतो. तुमचा फिटर बसतो कुठे?"

"अमेरिकेत."

"आणि त्याला पैसे कोण देतं?"

"आपणच. संगणकाच्या किमतीतच असतात."

शेठ थोडा वेळ माझ्याकडे सहानुभूतीने पाहत राहिले. "मग तो फिटर नाही हो, साहेब," ते म्हणाले, "जावई आहे."

राहता राहिला आमचा बँकेचा धंदा. लोक आम्हाला नावं ठेवतात, ठेवोत. पण आमच्याकडे संगणक आला तोसुद्धा व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९८३ साली लेखी करार झाल्यावर. यंत्रं किती, कुठे, कशासाठी, हे बसून ठरवलं, सह्या केल्या, आणि मग यंत्राने उंबरठा ओलांडला. आणि आजचा नियम ऐका. तुमच्या कार्डातून दरमहा आपोआप पैसे जायचे असतील तर पैसे जाण्याच्या किमान चोवीस तास आधी तुम्हाला कळवावं लागतं, आणि ती कपात नको असेल तर नाकारायची सोय द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून हे सक्तीचं केलं आहे. एकशे नव्व्याण्णव रुपयांसाठी चोवीस तासांची सूचना, आणि आख्खा संगणक बदलायला सूचना कसली, तर 'काम चालू आहे'!

कायदा इथेही मुळीच झोपलेला नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकवण्याच्या तेरा युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. 'डार्क पॅटर्न' असं त्यांचं कुळनाव. त्या यादीत जबरदस्ती आहे, सतत टुमणं लावणं आहे, आणि बटणांची मांडणीच फसवी करणं आहे. या शेवटच्या प्रकाराच्या उदाहरणांत कोपऱ्यातल्या फुलीचाही उल्लेख आहे: फुली मारल्यावर जाहिरात मिटण्याऐवजी दुसरीच उघडते ती. म्हणजे फुलीवर होणारा अन्याय दिल्लीपर्यंत पोहोचलेला आहे. घरगुती संगणकाच्या सुधारणांकडेही प्राधिकरणाने याच चष्म्यातून एकदा पाहावं, एवढी आमची नम्र विनंती. नम्र अशासाठी, की अर्जात तसं लिहायची पद्धत आहे.

मागण्या फार नाहीत. तीनच आहेत, आणि पगारवाढीची त्यात नाही. पहिली, दुरुस्तीचं पाकीट वेगळं आणि नव्या सामानाचं वेगळं. दुसरी, होकाराचं बटण जेवढं मोठं आणि जेवढं रंगीत, तेवढंच नकाराचं. तिसरी, जी सुधारणा एका टिचकीने आत आली ती एका टिचकीने बाहेर जावी, आणि मालकाला वाटेल तेव्हा जावी. शेठच्या फिटरला जे जमतं ते जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांना जमू नये, हे मला पटत नाही.

तोवर तुम्ही आम्ही काय करायचं? महत्त्वाच्या कागदांची एक प्रत संगणकाबाहेर ठेवायची. दुसऱ्या मंगळवारच्या रात्री कुठलाही अर्ज भरायला बसायचं नाही. कडीची दुरुस्ती आली तर ताबडतोब घ्यायची. आणि न मागता आलेलं बाकीचं सामान दिसलं की इतिहासात जाऊन त्याचा नंबर शोधायचा आणि ते त्याच दिवशी दाराबाहेर काढायचं. दहा दिवस वाट पाहायची नाही.

आणि आपल्या भाषेतला एक शब्द या मंडळींना शिकवायचा. त्यांच्या चौकटीत बहुधा दोनच पर्याय असतात: 'आत्ता' आणि 'नंतर आठवण करा'. आपल्याकडे तिसरा आहे. मराठी पंगतीइतका आग्रह जगात कुठे होत नसेल. जिलबीचं ताट घेऊन यजमान पानासमोर ठाण मांडतो, शपथा घालतो, रुसतो, तुमच्या मेलेल्या आजोबांची भूक सांगतो. पण जेवणाऱ्याने पानावर आडवा हात धरून 'नको' म्हटलं की तोही हसतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. एवढीच अपेक्षा आहे. 'नको' म्हणजे 'नको'. 'रात्री निजल्यावर तोंडात घाला' असा त्याचा अर्थ कुठल्याही शब्दकोशात नाही.